‘इम्पोर्टेड’ पिस्तूल घेतलं आणि तिसऱ्या गोळीला अडकलं

वाचकाचं पत्र

नाना, रामराम. मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक. चार गावांची केळी घेऊन व्यापाऱ्याला देतो, त्यामुळे कटतीच्या, म्हणजे घड कापणीच्या दिवसांत रोकड घेऊन रात्री-बेरात्री फिरावं लागतं. स्वसंरक्षणाचा परवाना मिळाला तेव्हा सगळ्यांनी एकच सांगितलं, ‘देशी रिव्हॉल्व्हर घेऊ नको भो, जुनं इम्पोर्टेड घे.’ एका मयत परवानाधारकाच्या घरचं .३२ बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या छिद्राचं माप) स्पॅनिश पिस्तूल दुकानदारामार्फत अडीच लाखांत घेतलं. स्लाइडवर, म्हणजे वरच्या सरकत्या भागावर, ‘एइबार’ असं कोरलेलं आहे. मळ्यात मारून पाहिलं तर तिसऱ्या गोळीला अडकलं. कधी नुसता ‘टक्’ आवाज येतो, कधी रिकामं टरफल मध्येच उभं राहतं. दुकानदार म्हणतो काडतुसं खराब. मित्र म्हणतो स्प्रिंग बदल. लेथवाला म्हणतो आण, घासून देतो. एक जण तर म्हणतो, सातपुड्याकडून नवं कोरं घे, पंचवीस हजारात काम होईल. घरी मी एक लाख सांगितलेत. पोरगा नववीत आहे, मित्रांना दाखवायला मागतो. विकू, दुरुस्त करू, की तसंच कमरेला ठेवू? चालो न चालो, धाक तर पडतोच.

— एक वाचक, रावेर तालुका

उत्तर

भाऊ, रामराम.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त काळजी मला त्याचीच वाटली. धाक पाहणाऱ्याला पडतो हे खरं, पण तुमच्या मनालाही तो बळ देतो. कमरेला काहीच नसेल तर तुम्ही रात्री अकराला पैसे घेऊन निघायचं टाळाल, वाटेत कुणी आडवं आलं तर पिशवी देऊन टाकाल. कमरेला पिस्तूल असलं की थांबाल, हात कमरेकडे न्याल, समोरच्यालाही ते दिसेल. आणि नेमकं त्या वेळी ‘टक्’ वाजेल. बिघडलेलं हत्यार बाळगण्यापेक्षा हत्यार नसलेलं बरं. तेव्हा ते आजपासून कमरेला लावू नका.

ते रिकामं करा, पण क्रम पाळा. तोंड मोकळ्या आणि सुरक्षित दिशेला, बोट चापापासून लांब. आधी मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, बाहेर काढा, मग स्लाइड मागे ओढा आणि नळीच्या मागच्या घरात, जिथे गोळी बसते तिथे, डोकावून बघा. बरेच जण उलटं करतात. आधी स्लाइड ओढून गोळी बाहेर पाडतात, मग मॅगझिन काढतात. त्यात स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली पुढची गोळी घरात चढलेली असते आणि माणूस समजतो की पिस्तूल रिकामं झालं. ‘रिकाम्या’ पिस्तुलाचे अपघात होतात ते असेच.

मी वरणगावच्या कारखान्यात काडतुसांच्या तपासणीवर होतो. त्यामुळे ‘काडतूस खराब’ हे वाक्य ऐकलं की माझे कान टवकारतात. कधी ते खरं असतं. बहुतेक वेळा मात्र विकणाऱ्याला आपला माल सोडून दुसऱ्या कुणावर तरी ढकलायचं असतं. त्याकडे येतो. त्याआधी तुम्ही नक्की काय विकत घेतलंय ते पाहू.

एइबार हे स्पेनच्या बास्क भागातलं गाव, बंदुकांच्या कारागिरीसाठी प्रसिद्ध. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला पिस्तुलांचा तुटवडा पडला. १९१५ साली त्यांनी तिथल्या गाबिलोंदो कंपनीकडे ‘रुबी’ नावाच्या .३२ पिस्तुलाची मागणी नोंदवली, सुरुवातीलाच महिन्याला १०,००० नगांची. एका कंपनीचं हे काम नव्हतं. तिने शेजारपाजारच्या कारखान्यांना वाटून दिलं, मागणी वाढत गेली तसे आणखी कारखाने घुसले, आणि शेवटी गल्लीबोळातले कारागीरही तेच पिस्तूल बनवू लागले. आराखडा एकच, ब्राउनिंगच्या १९०३च्या पिस्तुलावरून उचललेला. पण पोलाद ज्याचं त्याचं, मापं ज्याची त्याची. एकाचं मॅगझिन दुसऱ्यात बसेलच असं नव्हतं, आणि बसलं तरी गोळी सरळ वर येईलच असं नव्हतं. फ्रेंच सैन्याचाच या गोंधळाने जीव मेटाकुटीला आला. म्हणून फ्रेमवर, म्हणजे पिस्तुलाच्या सांगाड्यावर, आणि मॅगझिनच्या बुडाशी कारखान्याची दोन अक्षरं मारायची पद्धत पडली, निदान जोडी तरी जुळावी म्हणून. युद्ध संपलं, कारखाने राहिले, आणि त्याच धाटणीची पिस्तुलं पुढेही बनत आणि जगभर विकली जात राहिली.

त्यातली काही चांगली आहेत, अगदी झकास आहेत. पण ‘स्पॅनिश’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. पिस्तूल कुठल्या कारखान्याचं, मॅगझिन मूळचं की दुसऱ्या कुठलं तरी, हे बघावं लागतं. तुमच्याकडे फ्रेमवर आणि मॅगझिनवर अक्षरं आहेत का पाहा. वेगवेगळी निघाली तर तुमच्या दुखण्याचं अर्धं मूळ तिथेच आहे.

मग अडीच लाख कशाचे? हे नीट समजून घ्या, म्हणजे स्वतःला मूर्ख म्हणणं बंद कराल. १९८०च्या दशकाच्या मध्यात सरकारने सामान्य नागरिकासाठी परदेशी बंदुकांची आयात बंद केली. त्यात .३८, .४५५, ९ मिलिमीटर हे बोअर सैन्य-पोलिसांसाठी राखीव. सामान्य परवानाधारकाला कमरेला लावण्यासारखं उरतं ते मुख्यतः .३२. म्हणजे देशात त्या दिवशी जेवढी परदेशी .३२ पिस्तुलं होती, तेवढीच फिरतीवर राहिली. त्यात भर नाही, घट मात्र आहे. मागणी दर वर्षी वाढती. त्यामुळे परदेशात जे पिस्तूल मोडीत काढतील, त्याला इथे गाडीचा भाव येतो. तुम्ही पैसे मोजलेत ते या टंचाईचे. गोळी सुटण्याची हमी त्या आकड्यात कधी नव्हतीच. बऱ्हाणपूरला माल कमी आला की हलक्या केळीलाही वरचा भाव मिळतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणखी एक. मयत माणसाचं हत्यार म्हणजे काय, ते पाहा. माणूस जातो, वारसाकडे परवाना नसतो, हत्यार ठाण्यात किंवा दुकानदाराकडे जमा होतं. तिथे ते वर्षानुवर्षं पडून राहतं. कुणी तेल लावत नाही, लावलं तर पुसत नाही. जुनं तेल सुकून चिकट राळेसारखं होतं आणि आपल्याकडच्या धुळीला धरून बसतं. चामड्याच्या म्यानात ठेवलेलं असेल तर आणखी वाईट, चामडं ओल धरतं आणि आतल्या बाजूने गंज चढतो. वरून निळी झिलई दिली की ग्राहकाला नवं वाटतं. निवडणुकीच्या आचारसंहितेत हत्यार जमा करून परत आणलेल्या आपल्याकडच्या किती जणांनी ते नंतर उघडून पाहिलं असेल, देव जाणे.

आता दुखणं ओळखू. न फुटलेलं काडतूस फेकलं नसेल तर त्याच्या बुडाकडे बघा. मधोमध गोल टोपी असते, तिच्यावर ठोका मारणाऱ्या पिनचा खड्डा असेल. खड्डा उथळ असेल तर पिस्तुलाची आतली स्प्रिंग थकली आहे, किंवा पिनचं टोक झिजलंय, किंवा पिनचा बोगदा चिकट्याने भरलाय. खड्डा एका बाजूला सरकलेला असेल तर जुळणीत झीज आहे. खड्डा खोल, मधोमध, आणि तरीही काडतूस फुटलं नाही, तरच दुकानदाराचं म्हणणं खरं. तेव्हाही काडतुसाला ओल लागली का, ते किती जुनं, कुठे ठेवलं होतं, हे विचारावं लागतं. आपल्या उन्हाळ्यात गाडीच्या कप्प्यात पडून राहिलेली काडतुसं मी तरी मारणार नाही.

टरफल उभं राहतं त्याचं कारण वेगळं. टरफल ओढून बाहेर फेकणारा आकडा झिजला असेल, नळीच्या घरात गंजाचे खड्डे पडले असतील, किंवा मॅगझिनचे वरचे ओठ वाकले असतील. शंभर वर्षांच्या पिस्तुलात पहिला संशय मॅगझिनवर घ्यावा. शिवाय .३२ पिस्तुलाच्या काडतुसाची एक जुनी खोड आहे. त्याच्या बुडाची कडा अंगापेक्षा किंचित बाहेर असते. वरच्या गोळीची कडा खालच्या गोळीच्या कडेमागे अडकली तर मॅगझिन तिथेच जाम होतं, कितीही खटपट करा. भरताना प्रत्येक गोळीची कडा खालच्या गोळीच्या कडेपुढे राहील असं बघायचं. हे दुकानदाराने पहिल्याच दिवशी दाखवायला हवं होतं.

आणि .३२ म्हणजे .३२ असं समजून काडतुसं आणू नका. रिव्हॉल्व्हरचं काडतूस वेगळं आणि लांब, पिस्तुलाचं आखूड. परवान्यावर आणि पावतीवर काय लिहिलंय ते वाचा.

‘टक्’ झाल्यावर तुम्ही काय करता, ते पत्रात नाही. बहुतेक जण लगेच स्लाइड ओढतात किंवा पिस्तूल तोंडासमोर धरून बघतात. तसं करू नका. कधीकधी टोपी पेटायला उशीर होतो आणि गोळी नंतर सुटते. तोंड सुरक्षित दिशेला ठेवून निदान अर्धा मिनिट थांबायचं, मगच उघडायचं. त्याहून घातक म्हणजे फुसका बार. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, धक्का जाणवला नाही, तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. तिच्यामागून दुसरी मारली तर नळी फुगते किंवा फाटते, हाताशीच. अशा वेळी तिथेच थांबायचं. आणि हो, मळ्यात मारून बघणं आता बंद. एवढुशी गोळीही किलोमीटरभर जाऊ शकते, आणि केळीच्या पानांआड पाणी धरायला आलेला सालदार तुम्हाला दिसत नसतो.

फसलेले तुम्ही एकटे नाही. अमेरिकेत बंदुकांची अशी टंचाई नाही, दुकानांत रांगा लावून माल आहे, तरी तिथेही लोक पस्तावतात. जुन्या धाटणीची सुरेख रिव्हॉल्व्हरं बनवणाऱ्या तिथल्या एका नावाजलेल्या कंपनीने २०१३च्या सुमारास सगळं बाजूला सारून ‘झिप’ नावाचं प्लॅस्टिकचं .२२ पिस्तूल काढलं. ते सारखं अडकायचं, आणि गोळी चढवायची दांडी नळीच्या तोंडाशेजारीच होती, म्हणजे अडकलं की बोटं नेमकी तिथेच न्यायची. कंपनीच बुडाली. त्याआधी शंभर वर्षांपूर्वी विंचेस्टरसारख्या कंपनीने १९११ची एक शॉटगन काढली. ब्राउनिंगच्या पेटंटमुळे बाजूला खटका देता येईना, म्हणून नळीच मागे ढकलून गोळी चढवायची सोय केली. अडकली की लोक दस्ता जमिनीला टेकवून, नळीवर वाकून जोर लावायचे. नळीचं तोंड कुठे असेल ते सांगायला नको. तिला विधवा करणारी बंदूक असं नाव पडलं.

माझ्या धंद्यातलं उदाहरण मात्र एम-१६ रायफलचं. व्हिएतनामच्या युद्धात ती अमेरिकी सैनिकांच्या हातात अडकू लागली. रायफल मुळात बरी होती. पण काडतुसातली दारू बदलली गेली, त्या नव्या दारूने काजळी जास्त धरली आणि चालण्याचा वेगही वाढला. नळीच्या घराला क्रोमचा मुलामा नव्हता. वर सैनिकांना सांगितलेलं की हिला साफ करायची फारशी गरज नाही, आणि साफसफाईचं सामानही पुरेसं दिलं नाही. १९६७ साली अमेरिकी संसदेच्या समितीने चौकशी केली. मग मुलामा आला, सामान आलं, शिकवणी आली, आणि तीच रायफल पुढे कित्येक दशकं चालली. म्हणून हत्यार, काडतूस आणि देखभाल ही तिन्ही तपासल्याशिवाय मी कुणाला दोष देत नाही. तुमच्या बाबतीत मात्र मला पिस्तुलाचाच जास्त संशय येतोय.

लेथवाल्याकडे नेऊ नका. तो तुमचा कितीही जवळचा असो. बंदूक दुरुस्त करायलाही शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. त्याने पिन ‘थोडी घासली’ की ती एकतर पोहोचणार नाही, नाहीतर आतच अडकून राहील आणि स्लाइड पुढे येताच चापाला हात न लावता गोळी सुटेल. परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडेच न्या, आणि नेताना लेखी पोच घ्या, हत्याराच्या क्रमांकासह.

सातपुड्याकडचं ‘नवं कोरं’ याबद्दल लांबण लावत नाही. मध्य प्रदेशच्या हद्दीतल्या, बेकायदा गावठी पिस्तुलांसाठी कुप्रसिद्ध उमर्टी गावाचं नाव पोलिसांच्या बातम्यांत का येतं हे रावेर-चोपड्यातल्या माणसाला माहीत आहे. त्या नळीवर कुणी जादा दाबाचं काडतूस मारून तिचा कस पाहिलेला नसतो, ती हातात फुटते. आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर बिनपरवाना हत्यार सापडलं तर किमान दोन वर्षं तुरुंग, पाचपर्यंत. वर तुमचा आत्ताचा परवानाही जाईल. ज्या मित्राने हे सुचवलं त्याच्या गाडीत बसून पैसे आणायला जाऊ नका, एवढंच म्हणतो.

आता तुमचा प्रश्न, विकू की दुरुस्त करू? माझं मत, एकदा तपासून घ्या आणि मग विका. तपासणीत निव्वळ स्प्रिंग आणि साफसफाईचं काम निघालं तर करून घ्या. मॅगझिन किंवा टरफल ओढणारा आकडा बदलायचा असेल तर मात्र तिथेच थांबा. या पिस्तुलांचे भाग हाताने घासून बसवलेले असतात, एकाचा भाग दुसऱ्याला सरळ लागत नाही. एक दुरुस्ती दुसरीला बोलावते आणि अडीचाचे तीन कधी झाले ते कळत नाही. चौकशी करून ठेवा, तुमच्यासारखाच ‘इम्पोर्टेड’ शोधणारा कुणीतरी निघतोच. त्याला दोष लपवून विकू नका. जे दुखणं निघालं ते कागदावर लिहून द्या. काही जण संग्रह म्हणून घेतात, त्यांना चालतं.

परस्पर विकायचं असेल तर कायद्याप्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवायचं, घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह, आणि ४५ दिवस थांबायचं. त्याआधी हत्यार हातचं सोडायचं नाही. हे त्रासाचं वाटलं तर परवानाधारक दुकानदारामार्फत करा. भाव थोडा कमी मिळेल, पण डोक्याला ताप नाही. विकेपर्यंत ते त्याच्याकडेच जमा ठेवता आलं तर उत्तम.

नवं घ्यायचं तर देशी रिव्हॉल्व्हरला नाक मुरडू नका. जड असतं, चाप ओढायला ताकद लागते, देखणंही नसतं, लग्नात कुणी वळून बघणार नाही. पण नवं असतं, सुटे भाग मिळतात, आणि एक गोळी फुटली नाही तर चाप पुन्हा ओढला की पुढची समोर येते. पिस्तुलासारखी खटपट नाही. कानपूरच्या कारखान्याने २०१४ साली काढलेलं ‘निर्भीक’ अर्ध्या किलोचं होतं आणि तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास मिळायचं. २०२३ साली ‘प्रबल’ आलं, त्याचं गोळ्यांचं चक्र बाजूला उघडतं, भरायला सोपं. यांच्याविषयीही तक्रारी करणारे भेटतील, तेव्हा घ्यायच्या आधी हातात धरून, चाप ओढून बघा आणि रीतसर रेंजवर त्याच काडतुसांनी चालवून बघा जी तुम्ही पुढे वापरणार आहात. ‘मारून बघायचं नाही, घ्यायचं तर असंच घ्या’ म्हणणाऱ्याच्या दुकानातून खाली उतरा.

तरीही विचारतो, नवं हवंच का? केळीचे पैसे रोखीने किती आणि खात्यावर किती, हे तुमच्या हातात आहे. ज्या शेतकऱ्यांना तुम्ही पैसे देता त्यातले निम्मे जरी बँकेत घ्यायला तयार झाले तर रात्रीच्या फेऱ्या निम्म्यावर येतील. उरलेल्या दिवसा करा, दोघांनी करा, वेळ आणि वाट बदलून करा. आणि कुणी ‘रानडुकरांना पण होईल’ म्हणून भरीस घालत असेल तर ऐकू नका. .३२ने डुक्कर मरत नाही, जखमी होऊन अंगावर येतं. शिवाय वनखात्याच्या परवानगीशिवाय त्याला मारणं हा वन्यजीव कायद्याखाली वेगळा गुन्हा आहे, आणि तुमचा परवाना स्वसंरक्षणाचा आहे.

पोराबद्दल. २१ वर्षांखालच्या कुणाच्या ताब्यात बंदूक देता येत नाही. नववीतल्या मुलाला ‘हात लावू नको’ म्हणून भागत नाही, तो तुम्ही मळ्यात गेल्यावर कपाट उघडणारच. हत्यार एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, किल्ल्या तुमच्या अंगावर. मोबाइलवर एक फोटो गेला तर गुन्हा त्याच्यावर आणि परवाना जाईल तुमचा. त्याला कुतूहल आहे तर जळगावात एअर रायफलचं प्रशिक्षण कुठे मिळतं ते विचारा, तिथे शिस्त आधी शिकवतात.

राहिल्या वहिनी. विक्रीच्या कागदावर रक्कम असणार, बँकेत जमा होणार, त्यामुळे आकडा कळणारच आहे. कागदावरून कळण्याआधी तुम्ही सांगा. त्या चिडतील, ‘तेवढ्यात ठिबक झालं असतं’ म्हणतील, आणि हिशेब बरोबरच असेल. ४५ दिवसांची मुदत आहे, पण ती ठाण्याच्या कागदासाठी. घरी आजच बोला.